पिवळा कप, पांढरा कप

"ते योगर्ट नाही, फेस आहे. दाढीला लावायचा."

"तरी लोक रांग लावतात ना, ताई. तुझ्याकडे कोण येतं? दात नसलेले, नाहीतर चुकून शिरलेले."

"माझ्याकडे येतात ते खायला येतात. तुझ्याकडे फोटो काढायला."

"फोटो काढण्यासारखं काही असावं लागतं त्याला."

"भांडा, भांडा," आई खाटेवरून म्हणाली. "माझी झोप तर गेलीच. आता जरा मोठ्याने भांडा, अर्धं ऐकू येत नाही."

थोरलीच्या दुकानामागची ही खोली. खाट, औषधांचं स्टूल, कोपऱ्यात छोटा फ्रीजर. पडद्यापलीकडे दुकान: योगर्टची मशीनं, फळांचे तुकडे आणि सुकामेवा भरलेले डबे, दाराशी वजनकाटा. गिऱ्हाइकाने कप घ्यायचा, हँडल ओढून स्वतःच्या हाताने भरायचा, वर हवं ते टाकायचं, आणि वजन होईल तेवढे पैसे द्यायचे. रस्ता ओलांडला की समोर धाकटीचं दुकान. तिथेही सगळं असंच, फक्त कप पिवळे.

धाकटी हे काम शिकली ती थोरलीच्याच हाताखाली. मशीन योगर्ट गोठवता गोठवता त्यात हवा घुसळतं. हवा कमी ठेवली की योगर्ट घट्ट होतं आणि कपाच्या तळाशी मुकाट्याने बसतं. हवा वाढवली की तेवढ्याच वजनात डोंगर उभा राहतो. "थोडी हवा वाढवूया की, ताई," धाकटी म्हणाली होती. थोरली म्हणाली, "हवाच विकायचीय तर फुगे वीक." धाकटीने ते ऐकून घेतलं आणि समोरचा गाळा भाड्याने घेतला.

तेव्हापासून लोकांना खेळच मिळाला. पिवळा कप खात खात रस्ता ओलांडायचा, थोरलीकडे चमचा-चमचा चव बघायची, "इकडचं जड आहे बाई" म्हणायचं आणि रिकामा पिवळा कप तिच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून जायचं.

थोरलीही काही गोड बाई नव्हती. सगळ्या मशीनची चव घेऊन कुणी तसंच निघालं, तर काट्यापाशी बसल्या बसल्या ती म्हणायची, "जेवण झालं? हात धुवायला पाणी देऊ?" नवरा घर सोडून गेला त्या दिवशीही तिने वेळेवर दुकान उघडलं. शेजारच्या चष्मेवाल्याने हळहळून विचारलं, तर म्हणाली, "एक चमचा कमी लागेल. बाकी काय?" रोज सकाळी ती प्रत्येक मशीन उघडायची, पाती आणि रबरी रिंगा काढून गरम पाण्यात धुवायची. बोटं पांढरी पडायची, सुरकुतायची. त्याच बोटांनी मग आईची वेणी घालायची. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती आईच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपत होती. दुपारी गर्दी असो वा नसो, पांढऱ्या कपातलं पहिलं योगर्ट आईला.

आज भांडण निघालं ते जागेवरून. धाकटीचा गाळा मालकाला परत हवा होता. थोरलीचं दुकान ज्या जागेत होतं ती जागा आईच्या नावावर, आणि धाकटीने आईकडे ती मागितली होती. सरळ, बहिणीच्या देखत.

"मी कुठे जाऊ मग?" थोरलीने विचारलं.

"कुठे म्हणजे? तू आहेसच की इथे. मशीनं धूत जा. तुझ्याइतकं स्वच्छ कुणाला जमतं?"

"मोलकरीण ठेवतेस मला? माझ्याच दुकानात?"

"आईच्या दुकानात."

"पुरे," आई म्हणाली. "दोघी एकेक कप आणा. मी खाते. जिचं योगर्ट चांगलं, दुकान तिचं. नंतर रडायचं नाही."

थोरलीच्या छातीवरचं ओझं क्षणभर हललं. मग तिला आठवलं की ही आई आहे. धाकटीने शाळेत ढापलेल्या पेन्सिलीसाठी हिने थोरलीला कोपऱ्यात उभं केलं होतं. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिला चेहरे धूसर दिसायचे, पण पिवळा आणि पांढरा एवढं नक्की कळायचं. म्हणजे निकाल लागल्यातच जमा होता.

धाकटी पिवळा कप घेऊन आली. थोरलीने पांढरा भरला. आईला आधी औषध घ्यायचं होतं म्हणून दोन्ही कप फ्रीजरमध्ये ठेवले. इतक्यात धाकटीचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत पार रस्त्यावर गेली.

थोरलीने दुकानातल्या कचऱ्याच्या डब्यात वर पडलेला पिवळा कप काढला, खसखसून धुतला. स्वतःचं योगर्ट त्या पिवळ्यात, धाकटीचं पांढऱ्यात. उरलेला कप पदराआड. आता आई लाडकीचा म्हणून जो कप उचलणार, त्यात थोरलीच्या हातचं योगर्ट असणार होतं. मग तोंडावर सांगायचं.

धाकटी परतली तेव्हा आईच्या तोंडात पांढऱ्या कपातला चमचा होता.

"छे," आई म्हणाली. "गिळायला काहीच नाही. नुसता वारा."

"बघ," धाकटी हसली. "आईलाही आवडलं नाही."

मग पिवळा. आईने एक चमचा घेतला, थांबली, दुसरा घेतला. डोळे मिटून, सावकाश, तिने कप तळापर्यंत खरवडला.

"पिवळा," ती म्हणाली. "दुकान धाकटीचं."

थोरली मनापासून हसली. असं हसताना तिला त्या खोलीत कुणी पाहिलं नव्हतं. "आई, पिवळ्यातलं माझं होतं. मी कप बदलले."

"लबाड," धाकटी म्हणाली. "आई, हिने फसवलं तुला."

"कुणी फसवलं? मोडलंय ते हाड, जीभ नाही. रोज दुपारी खाते मी हिचं. पहिल्याच चमच्याला कळलं."

थोरलीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. "मग चांगलं कुणाचं?"

"तुझंच. त्यात विचारायचं काय?"

"मग दुकान?"

"धाकटीचं." आईने पदराने ओठ पुसले. "अगं, दुकान नाही दिलं तर ही परत या दारात पाऊल टाकणार नाही. तुझं तसं नाही. तुला दिलं काय, नाही दिलं काय, तू कुठे जाणारेस? तू कप बदललेस ते बरंच झालं. नाहीतर त्या फेसाला चांगलं म्हणायची पाळी आली असती माझ्यावर. या वयात खोटं बोलणं तेवढं वाचलं."

धाकटी खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, मशीनं तुझीच ठेवू. फक्त हवा वाढवू. आणि कप पिवळे."

थोरलीने पदराआडचा कप स्टूलावर ठेवला, औषधांशेजारी. ॲप्रनची गाठ सुटेना, तशी डोक्यावरूनच तो ओढून काढला. घडी केली, मग तीही मोडली आणि खाटेच्या कडेला टाकला.

"चारची गोळी राहिलीय माझी," आई म्हणाली. "आणि वेणी सैल झालीय बघ."

थोरलीने चपला शोधल्या. एक खाटेखाली गेली होती, ती वाकून काढली.

पडदा सरकला. बाहेर मशीनपाशी एक गिऱ्हाईक कप धरून उभं होतं. "ताई, यातलं घट्ट कुठलं?"

ती त्याच्या बाजूने पुढे गेली, काट्यापाशी थांबली नाही.

"थोरले," आतून आवाज आला. "कुठे निघालीस ते तरी सांग."

दुकानाचं दार उघडलं आणि आपोआप मिटलं.