आजी जिवंत असताना टक्कल

मी अमरावतीला बी.ए. करते. घरात कॉलेजात गेलेली पहिलीच, म्हणून बाबांच्या डोक्यावरच्या गाठीचा रिपोर्टही माझ्याच हातात आला. माझा विषय अर्थशास्त्र, हे मी दोनदा सांगून पाहिलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी समजावलं. हा घामाच्या ग्रंथीचा कॅन्सर, फार क्वचित होणारा. गाठीसोबत भोवतालची चांगली कातडीही काढायची आणि मांडीची कातडी तिथे लावायची. मला वाटलं, बाबा घाबरतील. ते मान डोलावत राहिले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी न्हावी आला, तेव्हा मात्र खाटेवरून उठून उभे राहिले.

"माही माय जित्ती आहे! टक्कल कायले करू?"

आमच्याकडे आईवडील गेले की मुलगा केस काढतो. पूर्ण नको, गाठीभोवतीचेच काढू, असं नर्स म्हणाली. तेही नको. पिशवी भरून ते गावाकडची, मूर्तिजापूरची गाडी किती वाजता आहे, हे विचारू लागले. मी गावी आजीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कावून रे, डोकं मोठं का केस मोठे?"

"माय, लोक काय म्हणतीन?"

"लोकाईले मी सांगतो ना, का मी जित्ती आहो! बस खाली. त्या न्हाव्याले म्हणा, वस्तरा नवा घे."

बाबा बसले. न्हाव्याने पाकिटातलं नवं पातं काढून फोनलाच दाखवलं आणि सगळंच डोकं भादरलं.

ऑपरेशननंतर आठवड्याने गावी आलो, तर शेजारच्या गावचे एक काका बाबांचं डोकं पाहून ओट्यावर मान खाली घालून बसले. "कवा गेली म्हातारी?" त्यांना चहा आजीनेच नेऊन दिला. कप बराच वेळ तसाच राहिला.

मला हसू येत होतं, पण काढलेल्या गाठीचा रिपोर्ट अजून यायचा होता. कडेला कॅन्सर उरला असेल, तर पुन्हा कापावं लागणार होतं.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "चारही बाजू साफ आहेत. आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं." मी तीनदा विचारलं. त्यांनी न कंटाळता तीनदा सांगितलं.

बाहेर बाकावर बसून बाबांनी स्वतः फोन लावला. तिकडून आजी "बोल ना, बोल ना" म्हणत होती. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"आजी, सगळं साफ निघालं."

"मंग तो रडून कावून राहिला?" आजी म्हणाली. "दे त्याले फोन."