धूळपाटी आणि ॲबॅकस

आमच्या घराण्यात इंग्रजी शब्दकोश हाती धरणारा मी पहिला. त्याची मिजास मी मिरवली, लपवत नाही. मुंबईला कॉलेजात असताना ‘ॲबॅकस’ हा शब्द कोशात पाहिला. तारांवर मणी ओवलेली मोजणीची चौकट. शब्द ग्रीकांकडून लॅटिनमध्ये आलेला. आणि त्याच्याही मागे, काही पंडितांच्या मते, धुळीचा हिब्रू शब्द. कारण जुने लोक फळीवर धूळ पसरून तीत आकडे काढीत.

सुटीत लांज्याजवळच्या आमच्या गावी आलो तेव्हा हे वडिलांना सांगितले. मीही धूळपाटीवरच शिकलेला. तिच्यासाठी तांबडी माती कुटून, फडक्यातून गाळून द्यायचे ते वडीलच. ते खो खो हसले.

“मंजे सायबाची बी धुलपाटीच! मंग तू मुंबैला जाऊन नवीन काय शिकलास रं?”

“जेवा आता,” आई म्हणाली. “धूल वाडू काय पानात?”

मी बी.ए. झालो त्याच साली वडिलांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे मात्र टक्क जागे. दाराबाहेर बोट करून ते काहीतरी सांगू पाहत.

“पाणी हवं, बा? बैल सुटलाय? ताईला बोलावू?”

प्रत्येक प्रश्नाला मान नाही म्हणून हलायची, आणि मग डावा हात कपाळावर आपटायचा.

शेवटी मी माती गाळली, फळीवर पसरली आणि त्यांच्यापुढे धरली.

“त्यांना कुटं येतंय लिवायला?” आई म्हणाली.

येत नव्हते, ते मला ठाऊक होते. पण मी पदवीधर; एका माणसाला अक्षरे शिकवता येऊ नयेत? त्यांचा डावा हात धरून मी रोज गिरवून घेऊ लागलो. बोट थरथरे, रेघ भलतीकडे जाई. ते कंटाळले नाहीत. शाळेतल्या पोरासारखे माझ्या तोंडाकडे बघत. मला वाटे, अजून थोडे दिवस मिळाले तर ते एक शब्द तरी काढतील.

मिळाले नाहीत. ‘क’ची गाठही नीट जमायच्या आत ते गेले.

आई अजून कधी काम करता करता मध्येच थांबते. “विहिरीवरचा आंबा तोडू नको म्हनत असतील काय रं?”

“असेल,” मी म्हणतो. आंबा तर आम्ही ते अंथरुणावर असतानाच, पावसाळ्याआधी तोडला होता.