पाकीट तुराटीला टोचायच्या आधी

आमच्याकडे कपाशीचं बी लावून झालं की रिकामं पाकीट तुराटीला, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीला, टोचतात आणि ती तुराटी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रोवून ठेवतात. कुठल्या तासापासून, कुठल्या ओळीपासून कुठलं वाण लावलं हे लक्षात राहावं म्हणून. बीटी बियाणं आल्यापासून ही रीत जास्तच पक्की झाली, कारण एकाच शेतात तीन-तीन कंपन्यांची पाकिटं लावायची सवय लागली. जूनअखेर सगळं शिवार रंगीत झेंड्यांनी भरलेलं दिसतं. मग पाऊस, मग ऊन. बोंडं फुटायला लागतात तोवर झेंडे पांढरे पडलेले असतात. लॉट नंबर सगळ्यात आधी जातो, कारण तो पाकिटाबरोबर छापलेला नसतो, नंतर शाईनं मारलेला असतो.

अमडापुरात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. एका वर्षी बोंडं किडली तेव्हा तक्रारीचे अर्ज मीच टाइप करत होते. अर्जात लॉट नंबरचा रकाना होता आणि सोबत पाकिटाची प्रत जोडायची होती. लोक धुऱ्यावरून पाकिटं उपटून आणत. मी ती काचेवर ठेवून झेरॉक्स काढायची आणि पांढऱ्या कागदातून पांढराच कागद बाहेर यायचा. पावती विचारली तर कुणाची सदऱ्यासोबत धुतली गेलेली, कुणी घेतलेलीच नाही. बरेचसे अर्ज तालुक्याहून परत आले.

पुढच्या पेरणीला मी दारावर पाटी लावली: पाकीट तुराटीला टोचायच्या आधी इथं आणा. दोन्ही बाजूंचं स्कॅन फुकट. समाजसेवा म्हणून नव्हे. माझं दुकान याच लोकांवर चालतं आणि कोरे कागद छापायचा मला कंटाळा आला होता.

लोक आले. आता प्रश्न होता तो स्कॅन ठेवायचे कुठे. दुकानात एकच कॉम्प्युटर, आणि त्याला दिवसभर गावाचे पेन ड्राइव्ह लागायचे. त्या वर्षी कपाशीच्या पऱ्हाटीवर जितके रोग होते त्याहून जास्त गावातल्या पेन ड्राइव्हमध्ये होते. फायली जपायला वेगळा कॉम्प्युटर, म्हणजे घरगुती सर्व्हर हवा, एवढं मला कळत होतं. पण लोडशेडिंगमध्ये आमचा इन्व्हर्टर एक कॉम्प्युटर आणि एक पंखा यांच्यापुढे जात नव्हता. दोन कॉम्प्युटर चालवायचे तर गिऱ्हाइकाला घाम पुसत बसावं लागलं असतं.

यावर मला इंटरनेटवर उपाय सापडला तो व्हर्च्युअल मशीनचा. एकाच कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवायचा. आतल्याची यंत्रणा वेगळी, पासवर्ड वेगळा, फायली वेगळ्या. सासूसासऱ्यांच्या घरात राहून सुनेनं वेगळी चूल मांडावी तसं. फक्त वीज एकाच मीटरवर. इंग्रजी माझं बारावीपर्यंतचं. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी एकेक पान वाचायची, न कळलेला शब्द वहीत लिहायची, पुन्हा वाचायची. जाणकार मंडळी तिथे एकमुखानं सांगत होती की साठवणीचा सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवू नका. त्यांच्या घरी दोन मशीन आणि चोवीस तास वीज होती. मी चालवला.

नवऱ्याचा मोटारी बांधायचा, म्हणजे जळालेल्या पंपाला नवी तार गुंडाळायचा धंदा. तो मागच्या अंगणातून हात पुसत आला आणि पडद्यावर उघडलेल्या दोन खिडक्या बघत उभा राहिला.

"हे आतलं कोण?"

"सर्व्हर."

"दिसत तं नाई कुठी."

"दिसत नाही. चालतो."

"मंग तुह्यासारखाच हाय. आमाले इचारल्याबिगर चालते," असं म्हणून तो परत मोटारीकडे गेला.

पहिल्या वर्षी मी चूक केली. ती सांगितलीच पाहिजे. आतल्या कॉम्प्युटरला जी हार्ड डिस्क दिली होती, ती खरी डिस्क नव्हती. दुकानाच्याच डिस्कवर केलेली ती एक मोठी फाईल होती. चूल वेगळी, पण छप्पर एकच. दिवाळीच्या सुमारास विजेचा दाब खालीवर झाला, डिस्कमधून टकटक आवाज आला आणि दुकान आणि सर्व्हर दोन्ही एकदम गेले.

त्याच महिन्यात विहाराच्या मागे राहणारी एक बाई आली. नवरा गेल्यापासून तीन एकर ती एकटी करते. दारावरची पाटी वाचून सगळ्यात आधी पाकीट घेऊन आलेली तीच होती. तिच्या पऱ्हाटीला बोंडंच धरली नव्हती.

"माह्यं पाकीट काढून द्या बाई."

मी म्हटलं, गेलं. डिस्क जळाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंग तुराटीवरच बरं होतं. निदान अर्धं तं दिसलं असतं." आणि चप्पल घालून निघून गेली. तिचा अर्ज त्या वर्षी गेलाच नाही.

मी रडत बसणारी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं चिखलीला गेले. तिथे एक चाचा आहेत, कॉम्प्युटर जोडतात आणि दुरुस्त करतात. आमचा कॉम्प्युटरही त्यांनीच जोडलेला. मी दोन नव्या डिस्का मागितल्या आणि कशाला ते सांगितलं. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला.

"भाभी, ही काय खिचडी? कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर! एक जुनी मशीन घेऊन जा, झगडा खतम."

"चाचा, इन्व्हर्टर तुम्ही देता का?"

"मी कायले देऊ?"

"मग डिस्का द्या."

या वेळी मी दोन्ही अख्ख्या डिस्का आतल्या सर्व्हरच्या ताब्यात दिल्या. दुकानाचा कॉम्प्युटर त्यांच्यावर थेट काही लिहू शकत नव्हता. जे ठेवायचं ते सर्व्हरला विचारून, त्यानं उघडलेल्या एका फोल्डरमधून. एका डिस्कवर जे लिहिलं जाईल ते तसंच दुसऱ्यावर. शिवाय रोज सकाळी दुकान उघडलं की सर्व्हर सगळ्या फायलींचा एक ठसा घ्यायचा. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. नंतर फाईल कुणी बदलली, पुसली, तरी सकाळचा ठसा तसाच राहतो, आणि बाहेरून त्याला हात लावता येत नाही. सगळं जोडून झाल्यावर नवऱ्याला बोलावलं आणि एका डिस्कची तार उपटायला सांगितलं.

"चालू हाय ना वो?" तो दचकून म्हणाला.

"म्हणूनच."

त्यानं उपटली. फायली उघडत राहिल्या. संध्याकाळी पारावर चारजणांना त्यानं ते हातवारे करून सांगितलं, हे मला शेजारणीकडून कळलं.

मग जूनमध्ये मी स्वतः विहाराच्या मागे गेले. तिला म्हटलं, पाकीट दे. ती म्हणाली, "आता नाई जळत का?" मी म्हटलं, दोन आहेत, एक जळाली तर दुसरी आहे. तिनं कोनाड्यातून पाकीट काढलं. बी टोपलीत ओतलेलं होतं. पाकिटाचं तोंड तिनं विळ्यानं तिरकं कापलं होतं. स्कॅन करून मी ते परत दिलं, तिनं तुराटीला टोचलं.

दोन-तीन हंगाम असेच गेले, दर जूनला तिचं नवं पाकीट आधी माझ्याकडे यायचं, मग तुराटीला. त्यानंतर गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं. वरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत अळी आणि काळा पडलेला कापूस. वेचणीच्या बायका नुसत्या शेतात जाऊन परत येत. तक्रारीचे अर्ज मागवले गेले आणि माझ्या दारात रांग लागली. मी नाव विचारायची, फोल्डर उघडायची, पाकिटाची प्रत छापून अर्जाला जोडायची. शेवटची तारीख होती शुक्रवार. बुधवारपर्यंत बहुतेकांचं झालं. विहारामागची बाई सोयाबीन काढायला मजुरीनं जात होती, ती आणि आणखी वीसेक जण गुरुवारी येणार होते.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास एकानं लग्नपत्रिकेचा मजकूर पेन ड्राइव्हवर आणला. मी तो लावला. पाच मिनिटांत पडद्यावरच्या फायलींची नावं बदलायला लागली. प्रत्येक नावाला अनोळखी शेपूट. मी सर्व्हरचं फोल्डर उघडून पाहिलं, तर तिथेही तेच. दुकानाचा कॉम्प्युटर त्या फोल्डरमध्ये लिहू शकत होता, म्हणजे त्याच्यातला व्हायरसही लिहू शकत होता. मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

विहारामागची बाई दारात उभी होती. हातात अर्ज आणि धुऱ्यावरून आणलेलं पांढरं पाकीट.

"काऊन बंद केलं?"

"व्हायरस शिरला."

"मंग?"

"मंग काय. चिखलीला जाते."

"जळालं का पुन्हा?"

"जळालं नाही. चल माझ्यासोबत, तूच बघ."

ती येईल असं वाटलं नव्हतं, पण ती आली. मी दोन्ही डिस्का काढल्या, टॉवेलात गुंडाळल्या आणि भाजीच्या पिशवीत घातल्या. नवरा म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, तू दुकानावर बस, अर्जवाले आले तर थांबवून ठेव. बसमध्ये ती पिशवीकडे बघत बसली होती. खड्डा आला की मी पिशवी उचलून धरायची, मग तीही खालून हात लावायची.

चाचांच्या दुकानात एक रिकामी मशीन मागितली. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "भाभी, व्हर्च्युअल मशीनचा सर्व्हर होता. ती मशीनच बिघडली तं डिस्का कोण वाचन?"

हा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर मी जळालेल्या डिस्कच्या वर्षीच शोधून ठेवलं होतं. डिस्का अख्ख्या सर्व्हरच्या होत्या, त्यामुळे त्यांना व्हर्च्युअल मशीनची गरजच नव्हती. तीच यंत्रणा दुसऱ्या कुठल्याही मशीनवर सुरू केली की ती आपल्या डिस्का ओळखते. ती यंत्रणा भरलेला एक पेन ड्राइव्ह मी देव्हाऱ्याच्या खणात ठेवला होता. गावात कुणालाही कधी न दिलेला. तो लावला, दोन्ही तारा जोडल्या, मशीन सुरू केली.

सर्व्हरनं डिस्का ओळखल्या. मी फोल्डर उघडलं. सगळ्या नावांना शेपूट. चाचा हळूच म्हणाले, "गया."

बाई मला म्हणाली, "काय म्हणून राह्यले हे?"

"थांब," मी म्हटलं.

ठशांची यादी काढली. रोजचा एक. सगळ्यात खाली त्याच दिवशीचा, सकाळी साडेनऊचा, दुकान उघडल्यावर घेतलेला. व्हायरस आला अकराला. मी तो ठसा निवडला आणि फोल्डर त्या वेळेवर मागे नेलं. शेपटं गेली. तिचं नाव शोधून फाईल उघडली. पडद्यावर लाल-पिवळं पाकीट, तिरकं कापलेलं तोंड, आणि खाली निळ्या शाईत लॉट नंबर.

ती खुर्चीवरून उठली, पडद्याजवळ गेली आणि पदरानं काच पुसली. मग म्हणाली, "हेच व्हय."

चाचांनी चष्मा खाली घेतला. "भाभी, बसा. चाय सांगतो." इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्या गिऱ्हाइकाला चहा सांगितलेला मी पाहिला नव्हता. चहा येईपर्यंत त्यांच्याच प्रिंटरवर मी उरलेल्या सगळ्यांच्या प्रती काढल्या.

शुक्रवारी अर्ज घेऊन आम्ही तालुक्याला गेलो. टेबलावरच्या साहेबांनी तिची प्रत उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाकी गावांतून सगळी पाकिटं पांढरी आली, हिचं इतकं नवंकोरं कसं? कुणाचं दुसऱ्याचं लावलं का?"

मी स्कॅनची तारीख दाखवायला लागले, पण ती पुढे झाली. पिशवीतून तिनं धुऱ्यावरचं पांढरं पाकीट काढलं आणि प्रतीवर ठेवलं. तिरक्या कापाला तिरका काप बसला, अगदी कोपऱ्यातल्या बारीक खाचेसकट.

"माह्या इळ्याचा दात पडेल हाय साहेब," ती म्हणाली. "थो दुसऱ्याच्या पाकिटावर कसा उमटन?"

साहेबांनी दोन्ही पुन्हा एकदा जुळवून पाहिली. मग शिक्का मारला आणि पोच फाडून दिली. ती पोच तिनं घडी करून माझ्या हातात ठेवली.

"हे बी ठेवा तुमच्या त्या आतल्याच्या पाशी."

घरी आल्यावर मी दुकानाचा कॉम्प्युटर पुसून नव्यानं भरला, सर्व्हर परत आत बसवला आणि गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हसाठी वेगळी सोय केली, जिथून सर्व्हरच्या फोल्डरला वाट नाही. पहिली फाईल ठेवली ती तिच्या पोचेची. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"झालं चालू?"

"झालं."

"चिखलीच्या चाचाचा फोन आलता. त्याच्या दुकानात तसलंच बसवून पाह्यजे म्हणे. मी सांगतलं, आमची बाई कामात हाय, वाट पाहा."