भाषण माझं, ओंजळ आईची

मुकादमानं तांब्या उंच धरला आणि माझ्या आईच्या ओंजळीत वरून पाणी सोडलं. अर्धं पाणी मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत गेलं, लुगडं भिजलं. आई वाकून पीत होती. तेवढ्यात भोंग्यातून शेठचा आवाज आला, "माल आमचा आहे. तो कुणाला द्यायचा, ते आम्ही ठरवू. आम्ही कुणाचे गुलाम नाही."

टाळ्या पडल्या.

ते वाक्य माझं होतं. आदल्या दिवशी शेठच्या ऑफिसात बसून मीच ते लिहिलं होतं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून पाहिलं होतं. छान वाटलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरहून सोलापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला शेठची कांद्याची शेड होती. तिथून कांदा मुंबई बंदरात जायचा आणि पुढे दुबईला. आई आणि आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाया तिथं कांदा निवडायच्या. मोठा एकीकडं, बारीक गोल्टी एकीकडं, सडका बाहेर. मी बी.कॉम. झालो आणि त्याच शेडवर कारकून म्हणून लागलो. शेठ मला भाऊसाहेब म्हणायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी कांदा महागला. दिल्लीत ओरड झाली आणि सरकारनं निर्यात बंद केली. बंदराकडं निघालेले ट्रक वाटेतून परत आले. शेडमधल्या गोण्यांत कांद्याला मोड फुटायला लागले. उग्र वास रस्त्यापर्यंत यायचा. बायांचं काम थांबलं. हे सगळं खरं होतं. बंदीचा मार शेठला बसला तसा आमच्या चुलीलाही बसला. दिल्लीत कुणीतरी एक सही करतो आणि इथं माझी आई घरी बसते, याचा मला राग होता. भाषण मी त्या रागानं लिहिलं. पैशासाठी नाही, शेठला खूश करायलाही नाही. म्हणूनच आज जास्त बोचतं.

आता पाण्याचं सांगतो. शेडच्या दाराशी पिंप होतं, त्यावर तांब्या. शेतकरी, ड्रायव्हर, हमाल, सगळे तांब्या बुडवून प्यायचे. आमच्या बायांना मात्र मुकादम वाढायचा. वरून. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता, कुणी बोलूनही दाखवत नव्हतं. आणि मी? मी घरून पाण्याची बाटली न्यायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, पोट नाजूक आहे, बाहेरचं पाणी सोसत नाही. मला कुणी पिंपापासून अडवलं नाही, कारण मी पिंपाजवळ कधी गेलोच नाही. आई रोज तिथं वाकत होती. मी खिडकीशी बसून आवकजावक लिहीत होतो.

बंदीविरुद्धची सभा संपली. काम नसलं तरी गर्दीसाठी शेठनी बायांनाही बोलावून घेतलं होतं. शेठ घाम पुसत माझ्याकडं आले.

"भाऊसाहेब, भाषण एक नंबर. आता अजून एक करा. कामगारांचं निवेदन लिहा. तहसीलदार येतायत. आमचं कोण ऐकतंय, गरिबांचं ऐकतील. बायांचे अंगठे घेऊन टाका."

मी कागद घेऊन बायांकडं गेलो. त्या कांद्याच्या ढिगाच्या सावलीला बसल्या होत्या.

"काय लिहू?" मी विचारलं.

आमच्या शेजारची शांताबाई म्हणाली, "लिही, कांदा दुबईला जात न्हाई तर आमाला धाडा. आमी काय सडत न्हाई."

बाया हसल्या. आई हसली नाही. ओला पदर पिळत ती म्हणाली, "काम चालू करा म्हनून लिही. आन पान्याचंबी लिही."

"पाण्याचं? आज? आई, हा विषय वेगळा आहे."

"कसा काय येगळा? मगाशी बघत हुतास न्हवं तू, खिडकीतनं?"

मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"तुज्या बाटलीत आमी सगळ्या मावत न्हाई, लेका," आई म्हणाली.

हळूच म्हणाली. शेजारच्या बाईलाही नीट ऐकू गेलं नसेल. मला अजून ऐकू येतं.

मी लिहिलं. निर्यात सुरू करावी, म्हणजे आमचं काम सुरू होईल. आणि शेडवरच्या पिंपातलं पाणी आम्हाला आमच्या हातानं घेऊ द्यावं. बायांनी अंगठे उमटवले. पहिला आईचा.

शेठनी कागद वाचला. चिडले नाहीत. हसले.

"अहो, हे कशाला? पाण्याचं आपलं आपण बघू ना. घरातली गोष्ट आहे. त्यात सरकारला कशाला आणता?"

थोड्या वेळापूर्वी याच माणसानं भोंग्यातून सांगितलं होतं की सरकारनं आमच्या व्यवहारातून बाजूला व्हावं. मी लिहून दिलं होतं ते. सरकार बंदरावर नको. सरकार पिंपाशीही नको. सरकार बाजूला झालं की मग तिथं कोण उरतं? तांब्या धरलेला मुकादम. भाषणात मी जागोजागी 'आम्ही' लिहिलं होतं. त्या 'आम्ही'त माझी आई नव्हती. मीही नव्हतो.

"तेवढी ओळ खोडा," शेठ म्हणाले.

"नाही खोडणार."

"भाऊसाहेब, नोकरीचा विचार करा."

"केला."

मुकादम पुढं आला. "ए, शेठ काय म्हनत्यात, ऐकू येत न्हाई का तुला?"

एका ओळीत भाऊसाहेबाचा 'ए' झाला. बरं झालं. मी पिंपाशी गेलो, तांब्या बुडवला आणि प्यायलो. सदरा भिजला. मग तांब्या भरून आईच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, प्यायली आणि म्हणाली, "गार हाय."

शेठनी हमालाला खूण केली. हमालानं आमच्यासमोर पिंप उपडं केलं. पाणी शेडमध्ये वाहत गेलं, मोड आलेल्या गोण्यांखाली शिरलं. माल भिजला. भिजू दिला त्यांनी.

तहसीलदार आले. निवेदन मीच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी जमिनीवरचा चिखल पाहिला, कागद वाचला आणि म्हणाले, "निर्यातीचं वर कळवतो. पाण्याचं तुम्ही समजुतीनं घ्या." म्हणजे सरकारही आमचं नव्हतं. ते मला त्याच दिवशी कळलं.

पुढं बंदी उठली. ट्रक बंदराकडं गेले. शेडवर आमच्या बायांच्या जागी दुसऱ्या गावच्या बाया आल्या, माझ्या जागी दुसरा कारकून. पिंप नवं आलं, मुकादम तोच राहिला. आई लोकांच्या रानात खुरपायला जायला लागली. तिनं मला कधी बोल लावला नाही, पण शाबासकीही दिली नाही. एवढं करायला मला इतकी वर्षं लागली, त्याची शाबासकी कशाला?

आता मी नगरला सावेडीत राहतो, व्यापाऱ्यांचे हिशेब आणि अर्ज लिहून देतो. बंदी आली की कुणीतरी येतं आणि म्हणतं, सरकारविरुद्ध जोरदार भाषण लिहून द्या. मी आधी विचारतो, तुमच्या शेडवर बायांना पाणी कोण वाढतं? काहीजण उठून जातात. जाऊ देत. ज्याच्या दाराशी माझ्या आईला तांब्याला हात लावता येत नाही, त्याच्या तोंडी मी स्वातंत्र्याचा शब्द घालणार नाही. आणि त्याचा माल अडवणाऱ्या सरकारची बाजूही घेणार नाही, जोवर ते पिंपाशी आल्यावर मान फिरवतं.

बाटली मी आता कुठंच नेत नाही. जाईन तिथलं पाणी मागतो, आणि माझ्या हातानं घेतो.