गाल माझे

सोड्याच्या बाटलीचं बूच दातांनी उघडायला गेलो आणि पुढचे दोन दात घालवून बसलो. ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाने! तेही लग्नसराईच्या तोंडावर. एवढं आमच्या सांडोरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, मीच हसत सांगत असतो. पुढचं मात्र बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

पुढचे दात नसले की फुंकर टिकत नाही, बाजूने निसटते. पण बँडचा म्होरक्या मी, वराती ठरलेल्या. चुलतभाऊ बस्त्याव म्हणाला, "दात बसेपर्यंत मी मागे उभा राहून वाजवतो. तू नुसते गाल फुगव."

फुगवले. असे फुगवले की लोक मोबाइल घेऊन समोर यायला लागले.

नकली दात दोन महिन्यांत बसले. मग सराव करायला हवा होता ना? पण कशाला — सूर तर लागतच होता, माझ्या पाठीमागून. पाच वर्षं. तोवर मोठ्या ढोलावर मी स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं. लग्नाच्या जेवणात इंद्याल, म्हणजे आमच्याकडचं झणझणीत मटण, आधी माझ्या ताटात पडलं नाही, तर तोंड वाकडं करायचो. नकली दातांचं तोंड.

इथवर गंमतच आहे. इथेच थांबावं का?

एका दुपारी बोळिंजच्या एका बँडचा मालक आला. त्याला पुढे उभा राहणारा वादक हवा होता, बस्त्यावचं नाव कुणी सुचवलेलं. बस्त्याव केळीच्या वाडीत पाणी सोडत होता. मालकाने मला विचारलं — माझ्या शब्दाला वजन होतं ना. आणि मी — मी काय म्हणालो?

"वाजवतो बरा. पण छातीत दम नाही हो. दोन गाण्यांत खाली बसतो."

मालक गेला. बस्त्यावला कुणकुण लागली होती. पंधरा दिवस तो विचारत राहिला, "काही निरोप?" मी ट्रम्पेट पुसत म्हणायचो, "नाही रे." मग त्याने विचारणं सोडलं. पुढच्या वर्षी वाजवणंही.

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नात, बस्त्यावने सोडल्यावर पहिल्यांदाच, मी एकटा पुढे उभा राहिलो. गाल फुगवले, या वेळी खरंच फुंकलं — सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज आला. बस्त्याव पाहुण्यांत बसला होता. हसला नाही.

त्याच्या शेजारच्या खुर्चीवरून फिलूमावशी मला म्हणाली, "तू नुसते गाल फुगव, बाबा. दम बस्त्यावचाच होता."