लोखंडी डोक्याने मेडिसिन हॅटच्या पलीकडे

शुक्रवारी सकाळी आठला माझा नवरा महेश आणि मी एक भलीमोठी हॉकी बॅग गाडीत चढवत होतो. शेजारचे आजोबा लॉनला पाणी घालता घालता थांबले. "जुलैमध्ये हॉकी?" त्यांनी विचारलं. "समर कॅम्प," म्हणून महेश मोकळा झाला. बॅगेत हॉकीचं काहीही नव्हतं. चोवीस किलोचं पोलादी चिलखत होतं, आणि ते मी आमच्या गॅरेजमध्ये दोन हिवाळे ठोकून ठोकून तयार केलं होतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे कॅनडात असे बरेच गट आहेत, ज्यांतली माणसं आठवडाभर बँकेत, शाळेत, ऑइल कंपनीत नोकरी करतात आणि वीकेंडला मध्ययुगीन युरोपातल्या सैनिकांसारखं चिलखत चढवून एकमेकांशी लढतात. तलवारी बोथट असतात, पंच असतात, नियम असतात. मार मात्र खराखुरा. मी सत्तेचाळीस वर्षांची, पाच फूट एक इंच, मूळची नागपूरची, कॅल्गरीत विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दोन वर्षांपूर्वी कम्युनिटी सेंटरमध्ये झुम्बाचा क्लास शोधताना चुकीच्या हॉलमध्ये शिरले. तिथे पत्रा ठोकणं चाललं होतं. मी दारात उभी राहून बघत होते, तर एका बाईने काही न विचारता माझ्या हातात हातोडी दिली. दोन तासांनी घरी गेले तेव्हा माझ्याकडे एका गुडघ्याची पोलादी वाटी होती. झुम्बा राहिलाच.

मग गॅरेजमध्ये झाडाचा बुंधा आला. त्याला वरून खळगा करायचा, त्यावर पत्रा ठेवून ठोकायचं, म्हणजे हळूहळू गोलाई येते. छाती, खांदे, कोपर असं करत शेवटी हेल्मेटवर आले. चिलखतातली सगळ्यात अवघड वस्तू तीच. माझ्या हेल्मेटला गालांवर दोन झडपा आहेत. त्या बिजागरीवर उघडतात, हनुवटीखाली मिटतात आणि उजव्या कानाजवळ एक कडी लागते. झडपा उघडल्याशिवाय डोकं आत जात नाही की बाहेर येत नाही. डोळ्यांसमोर बोटभर फट, तोंडापाशी श्वासासाठी भोकं. कडीची रचना मी माझ्या डोक्याने केलेली. त्याबद्दल पुढे एका जाणकाराचं मत येणार आहे.

हा माझा पहिला खरा सामना होता. महेशने आधीच बजावलं होतं, "मी गाडी चालवणार आणि स्वयंपाक करणार. कुणी विचारलं तर मी ड्रायव्हर आहे." महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर त्याने टाकलं होतं, कॅम्पिंगला जातोय. तेही काही खोटं नव्हतं.

कॅल्गरीहून मेडिसिन हॅट हे गाव म्हणजे ट्रान्स-कॅनडा हायवेने सरळ पूर्वेला तीन तास. सरळ म्हणजे इतका सरळ, की स्टिअरिंग वळवायला मिळालं तर बरं वाटेल. दोन्हीकडे मोहरीसारख्या कनोलाची पिवळीधमक शेतं, मधूनच तेल उपसणारे, मान हलवणारे पंप. ब्रूक्सला पेट्रोल भरून घ्या, पुढे स्वस्त मिळेल या आशेवर राहू नका. आम्ही तिथेच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वारा इतका, की निम्मी चटणी अल्बर्टा प्रांतानेच खाल्ली.

मेडिसिन हॅटच्या पुढे तासभर गेलं की डांबर संपतं, खडीचा रस्ता लागतो आणि एका शेतकऱ्याच्या कुरणात अचानक पन्नासेक कापडी तंबू दिसतात. तीन दिवसांचे दोघांचे नव्वद डॉलर, त्यात पाणी आणि पोर्टेबल टॉयलेट. जमिनीत गोफरची, म्हणजे खारीसारख्या प्राण्यांची, बिळं आहेत, पाय जपून टाका. डासांचं औषध दुप्पट न्या.

नोंदणीच्या टेबलावर लांब झग्यातल्या एका बाईने नियम सांगितले. इथे सगळं जुन्या काळातलं दिसलं पाहिजे. प्लॅस्टिक, कूलर, गॅस, सगळं झाकून ठेवायचं. आमचा पितळी डबा पाहून मात्र ती विरघळली. "किती अस्सल! कोणत्या शतकातला?"

"माझ्या आईचा," मी म्हणाले. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

कुकरचं आम्ही बोललो नाही. महेशने तो तंबूमागे चादरीआड मांडला.

शनिवारी सकाळी चहाच्या रांगेत माझी प्रतिस्पर्धी भेटली. लॉरेन, एकसष्ट वर्षांची, स्कूल बस चालवते, आवाज पहाडी आणि मिठी त्याहून जबर. आम्ही एकाच बाकावर बसून नाश्ता केला. तिने मला नातवंडांचे फोटो दाखवले, मी तिला दशमी दिली. "अकरा वाजता भेटू," ती म्हणाली आणि तलवारीला तेल लावायला गेली.

चिलखत चढवायला पाऊण तास लागतो आणि एकटीला ते जमत नाही. आधी गोधडीसारखा जाड शिवलेला कोट, मग एकेक पत्रा, एकेक पट्टा. आमचा ड्रायव्हर कुरकुरत पट्टे बांधत होता. "श्वास घेता येतोय ना? हा पट्टा जास्त झालाय. सैल करू?" शेवटी कडी लावली आणि जग बोटभर झालं. आत फक्त माझाच श्वास, कुणीतरी पत्र्याच्या शेडमध्ये धापा टाकत असल्यासारखा.

मैदानावर एक नियम सगळ्यांत पवित्र. पंचाची शिट्टी झाली की असाल तिथे थांबायचं, तलवार खाली. पहिल्या फेरीत लॉरेनने मला दोनदा खांद्यावर हाणलं. दुसरी फेरी सुरू झाली. मी एक वार चुकवला, पुढे सरकले, तिचा खांदा मला मोकळा दिसला. मी हात उचलला आणि शिट्टी झाली.

मी थांबले. शेजारच्या मैदानावरची लढतही थांबली. पंच इकडेतिकडे बघायला लागला, कारण शिट्टी त्याच्या गळ्यात लोंबत होती आणि ती त्याने वाजवली नव्हती. मला उलगडा व्हायला एक क्षण लागला. नागपूरच्या बाईला कळणार नाही तर कुणाला कळणार? तंबूमागे मुगाची खिचडी होत आली होती.

लॉरेनला जाड हेल्मेटमधून ती शिट्टी ऐकूच गेली नव्हती. तिचा वार निघालेला होता. तो माझ्या उजव्या कानावर बसला. एखाद्याने देवळातल्या घंटेत डोकं घालावं आणि बाहेरून दुसऱ्याने ती वाजवावी, तसं झालं. मी गवतावर बसले. लागलं नव्हतं, खरंच. पण लोकांनी कडी उघडायला घेतली, तेव्हा ती उघडेना. माझी अक्कलहुशारीची कडी चेपून बिजागरीत घुसली होती.

पुढचा पाऊण तास मी बाकावर बसून होते आणि माझ्या डोक्यावर एक समिती. कुणी तेल ओतलं, कुणी पाचर घातली. महेश धावत जाऊन तूप घेऊन आला.

"तूप कशाला?" मी आतून ओरडले.

"अंगठी निघते ना तुपाने!"

"मी अंगठी आहे का?"

लॉरेन बाजूला उभी राहून रडत होती. प्रथमोपचाराला असलेल्या नर्सने नाडी पाहिली, नाव-गाव विचारलं, मान दुखते का, उलटी होतेय का, सगळं तपासलं. डोकं ठीक आहे म्हणाली, पण एकतीस डिग्रीच्या उन्हात हे असं फार वेळ ठेवायचं नाही. तिथल्या एका जुन्या कारागिराने ग्राइंडर लावायला साफ नकार दिला. "ठिणग्या आत जातील. अस्तर पेटेल. नीट वर्कशॉप पाहिजे." कुरणाच्या मालकाने सुचवलं की वीस किलोमीटरवर हटराइट लोकांची वस्ती आहे, त्यांच्यासारखं वर्कशॉप आसपास कुठे नाही, शनिवारी दुपारी दुसरं काही उघडंही नसेल. त्याने तिथे फोन करून ठेवला.

हटराइट म्हणजे शेती करून, सगळी मालमत्ता सामाईक ठेवून राहणारे धर्मनिष्ठ लोक. त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट मला ऐकून माहीत होती. ते युद्धाच्या पूर्ण विरोधात असतात. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी शस्त्र धरलेलं नाही. मी महेशला म्हणाले, "आपण नेमके त्यांच्याकडेच चाललोय." तो म्हणाला, "तू बोलू नकोस, ऑक्सिजन जपून वापर."

अंगावरचं बाकीचं चिलखत काढलं होतं. खाली ट्रॅकपँट आणि टी-शर्ट, वर लोखंडी डोकं. गाडीची सीट मागे पाडूनही हेल्मेट छताला घासत होतं. वाटेत एक पेट्रोल पंप लागला. मला प्रचंड तहान लागलेली. महेश पेट्रोल भरत होता, म्हणून मी एकटीच दुकानात शिरले. विचारच केला नाही. काउंटरवरच्या मुलीने मला पाहिलं आणि दोन्ही हात वर केले.

"स्ट्रॉ," मी म्हणाले. आतून तो आवाज कसा गेला असेल देव जाणे. तिने गल्ला उघडला.

तेवढ्यात महेश मागून आला. "अगं, तुला गाडीत बस म्हटलं होतं ना!"

मुलीचे हात खाली आले. "तुम्ही मराठी आहात?" मग माझ्याकडे निरखून बघत, "काकू?"

ती जळगावची निघाली. कॉलेज संपवून पीआरसाठी, म्हणजे कायमच्या रहिवासाच्या परवान्यासाठी, या गावात नोकरी करत होती. गेल्या आठ महिन्यांत दुकानात कुणी मराठी बोललं नव्हतं म्हणाली. तिने स्ट्रॉ शोधून हेल्मेटच्या भोकात घातला, बाटली धरली आणि मी पाणी पीत असताना पूर्ण वेळ बोलत राहिली. थंडी, घरभाडं, आईचा फोन. मी फक्त मान हलवू शकत होते, तीही जपून. निघताना तिने विचारलं, "काकू, पण हे तुम्ही घातलं कशाला?" महेश म्हणाला, "दोन वर्षं मीही तेच विचारतोय."

वस्तीवर काळ्या पँटीत, सस्पेंडर्स लावलेला साठीचा माणूस वाट बघत होता. जेकब. त्याचं वर्कशॉप आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ. दारात ठिपक्यांचे रुमाल बांधलेल्या बायका जमल्या, पण कुणी हसलं नाही. जेकबने हेल्मेटवरून बोटं फिरवली, एखादा डॉक्टर पोट तपासतो तशी.

"कुणी बनवलं?"

"मी."

"रिव्हेट चांगले बसवलेत." मग कानापाशी टकटक केलं. "कडी मूर्खासारखी आहे."

त्याने फटीतून ओलं फडकं आत सारलं, माझा कान झाकला आणि सावकाश फिरणाऱ्या ड्रिलने बिजागरीचे रिव्हेट काढायला घेतले. मध्ये मध्ये थांबून पाणी सोडायचा. थांबला की प्रश्न विचारायचा.

"लढलात कुणाशी?"

"लॉरेन. स्कूल बस चालवते."

"तिने तुमचं काय वाईट केलं होतं?"

"काही नाही. चांगली आहे. सकाळी एकत्र नाश्ता केला."

"आणि मग?"

"मग एकमेकींना मारलं."

ड्रिल पुन्हा सुरू झालं. मला कवटीत, दातांत, पाठीच्या कण्यात ते जाणवत होतं. पहिल्यांदा त्या दिवशी मी घाबरले. आत अंधारून आलं, श्वास पुरेना, हात आपोआप वर जाऊन पत्रा ओढायला लागले. तेव्हा महेशने माझे दोन्ही हात धरले आणि पाढे म्हणायला लागला. दुसरं काही सुचलं नाही त्याला. एकोणिसाच्या पाढ्यात तो चुकला. मी आतून दुरुस्त केलं. असं करत आम्ही सत्ताविसापर्यंत गेलो, आणि गालावरची झडप गळून खाली पडली.

वारा. घामेजलेल्या चेहऱ्यावर नुसता वारा. कुठेतरी कोंबड्या बोलत होत्या. महेशचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी जेकबला विचारलं, उद्या हा अर्धवट राहिलेला सामना पुन्हा आहे, बिजागरी परत बसवून मिळेल का? तो ओशाळला नाही, चिडलाही नाही. "तुम्हाला बाहेर काढणं माझं काम होतं. परत आत घालणं नाही." पैसे घेतले नाहीत. त्याच्या बायकोने काकड्यांची बादली दिली, महेशने निघताना गाडीत टाकलेली खिचडी काढली, आणि वर्कशॉपच्या पायरीवर आम्ही सगळ्यांनी ती पावाबरोबर खाल्ली. "मऊ आहे," जेकब म्हणाला. ही त्याने दिवसभरात केलेली दुसरी स्तुती.

रविवारी सकाळी मला हेल्मेट नको वाटत होतं. कुणीतरी आपलं दिलं, पुढे सळ्यांची जाळी असलेलं. ते हातात घेऊन मी दहा मिनिटं तंबूत बसले. महेश आत आला. मग त्याने ते स्वतःच्या डोक्यावर घातलं, काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. "निघतंय," म्हणाला.

लॉरेन लढायला तयार नव्हती. मी तिला म्हणाले, तू नाही लढलीस तर मी उरलेलं आयुष्य काल दुपारच्या त्या ड्रिलखाली बसून राहीन. तिला किती कळलं कोण जाणे, पण ती उठली. तीन फेऱ्यांपैकी दोन मी हरले. तिसरीत तिचा खांदा मला पुन्हा मोकळा दिसला, आणि या वेळी वार बसला. ठण्ण. मी लगेच "सॉरी" म्हणाले. हेल्मेटच्या आतून लॉरेन आनंदाने किंचाळली, "सुंदर! परत मार!"

संध्याकाळी सहाला आम्ही कॅल्गरीत होतो. खांद्यावरचा डाग पुढचे दोन आठवडे जांभळा, हिरवा, पिवळा होत गेला. ऑफिसात मीटिंग चालू असताना मी तो हळूच दाबून बघायची. इतकी वर्षं मी पडद्यावरच्या चुका शोधतेय, पण माझ्या हातच्या चुकीत मी स्वतः चार तास बसून आले, हे मला रागापेक्षा अभिमानाचंच जास्त वाटतं, का ते विचारू नका. जायचं असेल तर जरूर जा. कडी पुढे, हाताला येईल अशी लावा. खिचडी पातेल्यात करा.

परवा मी नव्या हेल्मेटचा कागदी साचा कापत होते. महेश गॅरेजच्या दारात चहा घेऊन उभा होता. मी म्हणाले, "तुझ्या मापाचंही करू का एक? दोघं मिळून लढू."

त्याने चहाचा कप माझ्या हातात दिला. "नको," म्हणाला. "कुणीतरी बाहेर असायला हवं ना."