सरांची काळी वही

आधी चष्मा कपाळावर जायचा, मग निबंधातल्या एका ओळीवर बोट यायचं, आणि मग प्रश्न, "हे तुला कोणी सांगितलं?"

धुळ्याच्या कॉलेजात आम्हाला अर्थशास्त्र शिकवणारे हे सर. दर सत्राला त्यांना एक मोठा निबंध लिहून द्यावा लागे. कापूस पांढरा असतो असं लिहिलं तरी ते विचारतील, याची आम्हाला खात्री होती. पुस्तकातलं असेल तर पुस्तक आणि पान, माणसाकडून ऐकलं असेल तर त्याचं नाव आणि गाव. ते सगळं एका काळ्या वहीत उतरवून घ्यायचे आणि वही कपाटात कुलूपबंद.

त्या वहीचा मला संशय होता. आमची मेहनत गोळा करून हा माणूस स्वतःच्या नावाने पुस्तक छापणार, असं मी मित्रांना ठासून सांगायचो. रविवारी ते वही घेऊन एकटेच एसटी स्टँडवर दिसायचे. कुठे निघालात विचारलं तर म्हणायचे, "कामाला." आता तुम्हीच सांगा, असल्या उत्तरावर कोण विश्वास ठेवेल?

शेवटच्या वर्षी मी कापसाची वेचणी हा विषय घेतला. मी कारकुनाचा मुलगा, कापूस पाहिला तो गादीतला. एरंडोलजवळच्या एका गावात जाऊन लोकांशी बोलायचं होतं. मी गेलोच नाही. घरी बसून एक तुकाराम नाना तयार केले आणि त्यांच्या तोंडी घातलं, की वेचणी दुपारीच करावी, तोवर दव सुकलेलं असतं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तुकाराम नानांनी, सर."

"कुठे भेटले?"

"शेतात. वेचत होते."

सरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि नाव वहीत लिहिलं.

आठवड्याने निबंध परत आला, सहीविना. सही नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि आणखी एक वर्ष शिकवणं वडिलांना झेपणारं नव्हतं. सर एवढंच म्हणाले, "पुन्हा जाऊन ये."

गावात शिरताच वेचणीला निघालेल्या एका अक्कांना मी उगाचच नानांचं नाव विचारलं.

"रविवारना दिन एक मास्तर उनता," अक्का म्हणाल्या. "हाईच नाव इचारत घरोघर फिरना. आमना गावमा असा कोनी नई शे. आन येचनी त बाया करतस. नानाले काय समजस?"

म्हणजे सर माझ्याआधीच येऊन गेले होते. लाजेने मान वर होईना. दोन दिवस मी अक्कांच्या मागे फिरलो, कमरेला फडकं बांधून वेचलंही. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघाली. वेचणी सकाळी दवातच करतात. उन्हात पाला वाळतो, त्याचा चुरा होऊन कापसाला चिकटतो.

नव्या निबंधावर पुन्हा तेच बोट, तोच प्रश्न. मी अक्कांचं नाव सांगितलं. सरांनी माझी बोटं पाहिली आणि सही केली. नानांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

पण माझ्या मनातला संशय जाईना. या माणसाने वहीत मला खोटारडा म्हणून नोंदवलं असणार, कधीतरी ते बाहेर काढणार. जळगावला नोकरी लागली, तरी मी त्यांना भेटायला गेलो नाही.

ते वारल्याचं उशिरा कळलं. घरी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने वही आणून दिली. "सरांचं पुस्तक निघालं का कधी?" मी विचारलं. "कसलं पुस्तक?" त्या म्हणाल्या.

पानोपानी आम्ही सांगितलेली माणसं होती आणि बहुतेकांच्या नावापुढे सरांचं बारीक अक्षर, 'भेटलो'. अक्कांच्या नावापुढेही तेच. माझं जुनं पान उलटताना मी मनाची तयारी केली.

'तुकाराम नाना,' तिथे लिहिलं होतं. 'भेट झाली नाही. मुलाला पुन्हा पाठवणे.'